उपकारस्तुतीची यादी

बँकेत कॅशियर असलेल्या माणसाला मंडळीत दुसरं काम कोणी देत नाही. मला शब्बाथशाळेत शिकवायची हौस होती, गळाही बरा होता. पण नोकरी काय करते हे कळल्याबरोबर कमिटीने माझ्या हातात पावतीपुस्तक ठेवलं, ते आजतागायत सुटलेलं नाही. आठवडाभर ठाण्याच्या शाखेत लोकांच्या नोटा मोजायच्या आणि रविवारी डोंबिवलीत देवाच्या. फरक एवढाच, की बँकेत खोटी नोट सापडली तर काय करायचं याचा छापील नियम असतो.

आमची मंडळी मराठी, प्रॉटेस्टंट आणि लहान. माणसं मूळची नगर, जालना, सोलापूरकडची. कोणाचे वडील कल्याणला रेल्वेत चिकटले, कोणाचे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, कोणी शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये, कोणी मोहोन्याच्या एनआरसीत. एनआरसीला २००९ साली टाळं लागलं, तेव्हा आमच्या वर्गणीच्या वहीतली कितीतरी पानं एकदम कोरी राहायला लागली. स्वतःची इमारत नाही. एका शाळेचा हॉल रविवारी भाड्याने मिळतो. सकाळी तिथे तमिळ मंडळी, दुपारी मलयाळी, चार वाजता आम्ही. या पट्ट्यात ख्रिस्ती म्हटलं की लोकांना केरळच आठवतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. सायरो-मलबार कॅथलिकांचा कल्याणच्या नावाचा धर्मप्रांतच १९८८पासून आहे. लोकलच्या लेडीज डब्यात मला किती तरी जणींनी "तुम्ही केरळच्या का?" असं विचारलंय. "नगरच्या," म्हटलं की पुढचा प्रश्न काय विचारावा हे त्यांना सुचत नाही.

२०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकही पूर्ण भरत नाही. एवढ्याशा लोकांत ढोंगाला जागा कुठून मिळणार, असं बाहेरच्याला वाटेल. अनुभव उलटा आहे. लहान मंडळीत प्रत्येक जण प्रत्येकाला दिसतो, आणि ढोंगाला लागतं ते नेमकं हेच.

उपासना संपली की शाळेच्या स्टाफरूममध्ये मी आणि एक पंच, असे दोघं मिळून थैल्या रिकाम्या करतो. एकट्याने मोजायचं नाही, हा नियम माझ्या आधीपासूनचा आणि चांगला. मखमली थैली, तोंडाशी लाकडी कडी. माणूस मूठ आत घालतो आणि काढून घेतो, शेजारच्याला काही दिसत नाही. दहाच्या नोटेच्या आठ घड्या केलेल्या असतात, त्या उलगडायलाच वेळ जातो. शर्टाचं बटण निघतं. एकदा डॉक्टरच्या चिठ्ठीच्या मागे पेन्सिलने लिहिलेलं निघालं: "ऑपरेशन बुधवारी, प्रार्थना करा." खाली नाव नव्हतं. आम्ही दोघांनी तिथेच, नाण्यांच्या ढिगाशी बसून, प्रार्थना केली. कोणासाठी ते माहीत नव्हतं. बुधवारी काउंटरवर बसले असताना मध्येच ती चिठ्ठी आठवली, एवढंच.

थैलीत ढोंग करता येत नाही, कारण तिथे कोणी बघणारं नसतं. खरी भानगड थैलीच्या शेजारच्या कागदावर होती. त्याला आमच्यात उपकारस्तुतीची यादी म्हणतात. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलाला नोकरी, घराचा ताबा, अशा निमित्ताने देवाचे आभार म्हणून जे दान देतात ते पाकिटात घालून, पाकिटावर नाव आणि रक्कम लिहून द्यायचं. आशीर्वादाच्या आधी चिटणीस ती यादी वाचून दाखवायचे. मोठी रक्कम आधी. "अमुक परिवाराकडून, नवीन फ्लॅटनिमित्त, पाच हजार एक." शेवटी शेवटी एक्कावन्न, एकवीस. तोवर मागच्या बाकांवर लोकांनी चपला शोधायला सुरुवात केलेली असायची, त्यामुळे एकवीस रुपयेवाल्यांची नावं फक्त त्यांच्या स्वतःच्या कानांपर्यंत पोचायची. एकदा चिटणिसांनी चुकून हजार एकच्या जागी पाचशे एक वाचलं. संबंधित गृहस्थ भर उपासनेत उभे राहिले आणि म्हणाले, "हजार एक!" चिटणीस म्हणाले, "क्षमा असावी, हजार एक." मग आम्ही सगळे उभे राहिलो आणि पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला.

पण यादीचा खरा बहर हंगामाच्या सणाला. गावाकडे या सणाला अर्थ होता, तो माझ्या आईने पाहिला होता. पीक घरात आलं की लोक देवळात बाजरी आणायचे, कणसं, शेंगा, कोंबडी, अंडी. पैसा कोणाकडे नव्हताच. मग आणलेल्या जिनसांचा लिलाव व्हायचा आणि त्यातून वर्षाचा दिवाबत्तीचा खर्च निघायचा. डोंबिवलीत शेती कोणाकडे आहे? आम्ही पहाटे कल्याणच्या मार्केटमधून भाजी विकत आणायचो, वेदीपुढच्या टेबलावर रचायचो, आणि संध्याकाळी तीच एकमेकांना विकायचो. एका वर्षी एका लाल भोपळ्यावर दोन पंचांची बोली लागली. दोघंही येत्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहणार होते, हे हॉलमधल्या लहान मुलांनाही माहीत होतं. साठ-सत्तर रुपयांचा भोपळा पाचशेवर गेला, दोन हजारांवर गेला, सात हजारांवर थांबला. टाळ्यांचा कडकडाट झाला. जिंकणाऱ्यांनी भोपळा दोन्ही हातांनी वर उचलून धरला.

ते सात हजार मला वर्षअखेरीपर्यंत मिळाले नाहीत. मागायचे तरी कसे? ताळेबंदात "भोपळा – येणे बाकी" कसं लिहायचं, हे बँकेच्या कुठल्याच परीक्षेत शिकवलेलं नव्हतं. हिशेबतपासनीस हिंदू गृहस्थ, कल्याणचे, फार सज्जन. त्यांनी त्या ओळीवर पेन्सिल टेकवली, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीही न विचारता पुढच्या पानावर गेले. भोपळा त्या रात्री हॉलमध्येच राहिला होता, तो शाळेच्या वॉचमनने घरी नेला. त्या सगळ्या सणात भोपळ्याचा भोपळा म्हणून उपयोग करणारा तो एकटा.

आता हे सांगितल्यावर भोपळा जिंकणाऱ्या त्या पंचांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. मला ते जमत नाही, कारण त्यांची दुसरी बाजू मला माहीत आहे. मंडळीतलं कोणी कळव्याच्या हॉस्पिटलमध्ये भरती झालं की रात्री खाली जिन्यापाशी सतरंजी टाकून झोपणारे हेच. रक्ताची बाटली आणायला पहाटे धावणारे हेच. हे कधी कुठल्या यादीत आलं नाही, आणि त्यांनीही कधी काढलं नाही. माणूस तोच. जिथे कोणी बघत नव्हतं तिथे तो निर्मळ होता, आणि जिथे आम्ही त्याला टेबलापुढे उभं करून टाळ्या वाजवल्या तिथे तो भोपळा घेऊन उभा राहिला. त्यामुळे माझं मत हळूहळू असं होत गेलं की ढोंग माणसाच्या काळजात शोधत बसण्यात अर्थ नाही. काळीज देवाने पाहावं, तिथे आपला हात पोचत नाही. आपला हात पोचतो तो रिवाजापर्यंत. कुठला रिवाज साध्या माणसाला नट बनवतो, हे हुडकता येतं, आणि कमिटीत ठराव मांडून तो बदलताही येतो.

दरवर्षी एक रविवार दानाचा असतो. त्या दिवशी उपदेशाला मार्कचा बारावा अध्याय ठरलेला: विधवेच्या दोन दमड्या. येशू मंदिरातल्या दानपेटीसमोर बसून, लोक काय टाकतात ते पाहतो. कॅशियरला ही जागा बरोबर कळते; समोर बसलं की सगळं दिसतं. श्रीमंत पुष्कळ टाकतात, विधवा दोन दमड्या टाकते, आणि तो म्हणतो की हिने सर्वांपेक्षा जास्त टाकलं. इथे आमचे उपदेशक थांबतात आणि थैल्या फिरतात. मी घरी जाऊन त्याच्या आधीच्या ओळी वाचल्या. तिथे तो शास्त्र्यांबद्दल बोलतोय: लांब झगे, बाजारात नमस्कार, सभास्थानात पुढच्या जागा, लांबलचक प्रार्थना, आणि हे सगळं करता करता विधवांची घरं गिळणं. लगेच पुढे ती विधवा येते. आणि तेरावा अध्याय उघडताच तो सांगतो की या मंदिराचा चिरा चिऱ्यावर राहणार नाही. विधवेसारखं तुम्हीही करा, असं तो कुठेच म्हणत नाही. माझ्या वाचनात ते कौतुक आहे, आणि जिच्या घरात त्या दोन दमड्यांपलीकडे काही ठेवलं नाही त्या व्यवस्थेवरचा आरोपही आहे. मी ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. पण जमा बाजू वाचून दाखवायची आणि त्याच्या वरची नावे बाजू झाकायची, हा प्रकार मला कामामुळे ओळखू येतो.

आमच्याकडे ही विधवा आली ती एका मयताच्या निमित्ताने. डोंबिवली पूर्वेला चार घरी पोळ्या करणारी बाई. नवरा सिक्युरिटीत होता, रात्रपाळीवरून येता येता पडला आणि गेला. कल्याणला रुक्मिणीबाई हॉस्पिटलच्या बाहेर आम्ही सात-आठ जण उभे होतो. बॉडी ताब्यात मिळायची होती, पेटीवाल्याला फोन करायचा होता. तेवढ्यात कमिटीतल्या एकाने मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "ताई, यांचं कुठपर्यंत भरलंय?" मंडळीच्या घटनेत कलम होतं: वर्षाहून जास्त वर्गणी थकली तर पूर्ण सभासदत्व नाही, आणि सभासद नसेल तर दफनविधीचं शुल्क वेगळं. विचारणारे वाईट नव्हते. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच त्या बाईला चहा आणून दिला होता. पण कलम होतं, आणि कलमाला धरून प्रश्न विचारायची त्यांना सवय होती.

पाळक नवीन होते, सेमिनरीतून येऊन वर्ष झालं नसेल. त्यांनी ते ऐकलं. तिथे काही बोलले नाहीत. पेटी आली, विधी झाला, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मात्र त्यांनी तो विषय घातला. वार्षिक सभेत दोन तास कडाक्याचं भांडण झालं. "असं केलं तर वर्गणी कोण भरेल?" हा मुद्दा फिरून फिरून येत होता, जणू माणसं स्वस्तात पुरलं जावं म्हणूनच प्रभूवर विश्वास ठेवतात. शेवटी ठराव झाला: सभासद वारला की त्याची थकबाकी वहीत बंद, आणि दफनविधीला शुल्क कोणालाच नाही. मी लाल रेघा ओढल्या. पुढच्या वर्षी वर्गणी जवळजवळ तेवढीच आली.

ठाण्याला माझी शाखा मासुंदा तलावाच्या बाजूला होती. जेवणाच्या सुट्टीत कधी कधी सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चपर्यंत चक्कर मारायचे. सध्याची वास्तू १६६३ची. पण ठाण्यातला ख्रिस्ती धर्म त्याहून पुष्कळ जुना, पोर्तुगीजांच्याही आधीचा. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले: तोलेन्तिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. काही वर्षांनी ओदोरिक नावाचा संन्यासी इथे आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि चीनपर्यंत नेल्या. त्याच्या वृत्तांतात ही हकिगत तपशिलाने आहे. मी ती वाचायला घेतली ती हौतात्म्याची गोष्ट म्हणून, आणि अडकले भलत्याच ठिकाणी. हे चौघे ठाण्यात एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते. तिथे नवराबायकोचं भांडण झालं आणि नवऱ्याने बायकोला चांगलंच बडवलं. सकाळी ती काजीकडे तक्रार घेऊन गेली. काजीने विचारलं, साक्षीदार कोण? ती म्हणाली, आमच्याकडे चार फिरंगी साधू उतरलेत, त्यांनी पाहिलंय. त्यावरून त्यांना बोलावणं गेलं, वादविवाद झाला, आणि पुढचं सगळं घडलं. चौघे हुतात्मे झाले. ओदोरिकच्या वृत्तांतात त्या बाईचं नाव नाही, आणि तिच्या फिर्यादीचं पुढे काय झालं तेही नाही. म्हणजे ठाण्याच्या एका ख्रिस्ती घराची इतकी जुनी नोंद हाती आहे, आणि त्यात नवरा बायकोला मारतोय.

हे मी उगाच उगाळत नाही. आमच्यातली एक जण मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून यायला लागली. नवरा प्रार्थना अशी करायचा की लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. शब्द मधाळ, वचनं पाठ. प्रार्थना कोणी चालवायची याचा तक्ता दर तिमाहीला लागायचा आणि त्याचं नाव त्यात हमखास असायचं. स्त्रियांच्या संघात तिने एकदा तोंड उघडलं, तर तिला सांगण्यात आलं, "प्रार्थना कर, प्रभू त्यांचं मन बदलेल." ज्याच्याबद्दल सांगत होती तो माणूस पुढच्या रविवारी त्या व्यासपीठावर उभा राहणार होता, तेव्हा तिने प्रार्थना कोणासमोर करायची होती हे मला समजलं नाही. आमच्यात मिरजेला शिकलेल्या एक निवृत्त सिस्टर आहेत. आयुष्य सरकारी दवाखान्यांत गेलेलं, बोलणं तोडून. त्या तिला घेऊन आधी डॉक्टरकडे गेल्या, मग पोलीस चौकीत. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा त्यांना पाळकांपेक्षा चांगला माहीत होता. नंतर कमिटीपुढे आल्या आणि म्हणाल्या, "ती बाई हो म्हणेपर्यंत या माणसाचं नाव तक्त्यावर लागणार नाही." कोणीतरी क्षमेचा विषय काढला. सिस्टर म्हणाल्या, "क्षमा तिने करायची आहे, तुम्ही नाही. तुम्हाला फक्त तक्ता करायचाय." त्या तिमाहीचा तक्ता दुसरा लागला. नवरा काही महिने आला नाही, मग दुसऱ्या मंडळीत जायला लागला असं ऐकलं. तिथेही प्रार्थना चांगलीच करत असणार.

जातीबद्दल लिहायचं तर आमच्यात ती कोणी विचारत नाही. "मूळ गाव कोणतं?" एवढंच विचारतात. मग "तिथले म्हणजे अमक्यांचे कोण?" आणि मग आजोबांचं आडनाव. तीन प्रश्नांत जिथे पोचायचं तिथे माणूस पोचतो, आणि लग्नाची बोलणी पुढे सरकतात किंवा पत्रिका न बघताच "योग नाही" म्हणून थांबतात. आम्ही पत्रिका बघत नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. ख्रिस्तामध्ये यहुदी नाही, हेल्लेणी नाही, यावरचा उत्तम उपदेश मी ज्यांच्याकडून ऐकला त्यांनीच मुलाचं स्थळ शोधताना मला फोन करून एका कुटुंबाचं गाव विचारलं होतं. वर्गणीच्या वहीत मूळ गावाचा रकाना होता ना, म्हणून.

अशा वेळी मला रेव्हरंड टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो बायकोला अंधारात ठेवून. ताटातूट झाली, पुढे काही वर्षांनी त्या त्यांच्याकडे राहायला आल्या त्या सोवळं-ओवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना ध्यानात राहतं ते हे, की जात त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधी टाकली, आणि ती कोणाच्या उपदेशाने नव्हे तर स्वतःशी वाद घालून, घासाघासाला अडखळत टाकली. आमच्यातल्या बहुतेकांच्या घराण्यात क्रम उलटा झाला. पाणी डोक्यावर आधी पडलं आणि दुसरं काम तसंच राहून गेलं.

जातीच्या या गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती नाजूक आहे. एक तरुण जोडपं बाळाचा बाप्तिस्मा करायचा म्हणून आलं. विधी करा, म्हणाले, पण रजिस्टरला नोंद नको. कारण सांगायची गरज नव्हती. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. महाराष्ट्रात धर्मांतरित दलित ख्रिस्त्यांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण ती जागा तीच नव्हे. म्हणून कागदावर एक आणि रविवारी एक, अशी माणसं कल्याणपासून कर्जतपर्यंत पुष्कळ आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात अशा वागण्याला राज्यघटनेची फसवणूक ठरवलं. कायदा म्हणून तो निकाल आहे आणि त्याच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही. पाळकांनीही त्या जोडप्याला सांगितलं की नोंदीशिवाय विधी होणार नाही, विचार करून या. ते परत आले नाहीत.

मला लागलं ते कमिटीतलं बोलणं. "दुटप्पी लोक," असं सगळ्यांत मोठ्याने म्हणणारे तेच होते, ज्यांनी मला गाव विचारायला फोन केला होता. एकाने गरजेपोटी कागदावर जात ठेवली, दुसऱ्याने गरज नसताना मनात ठेवली. आमच्या व्यासपीठावरून झोडपलं जातं ते पहिल्याला. दुसऱ्याला आम्ही पुढच्या बाकावर बसवतो. त्यानंतरच्या वर्षी वहीची नवी छपाई आली, तेव्हा मूळ गावाचा रकाना मी छापायलाच दिला नाही. कोणी कारण विचारलं तर पानावर मावत नाही असं सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही.

चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा करण्याच्या, सभांबद्दल थोडक्यात. उल्हासनगर-कल्याणकडे असे हॉल भाड्याने घेऊन चालतात, आमच्यातले कितीतरी तिकडे जातात, आणि तिथे सापडणारी माया आमच्याकडे नाही हेही मी मान्य करते. पण मधुमेहाची गोळी बंद करायला सांगणारा आणि साखर वाढली की तुझाच विश्वास कमी पडला म्हणणारा माणूस, त्याला मी ढोंगीशिवाय दुसरं नाव देणार नाही.

यादीचं पुढे काय झालं ते सांगते. नवे पाळक आणि मी मिळून ठराव मांडला: उपकारस्तुती घ्यायची, पावती द्यायची, पण नाव आणि रक्कम वाचायची नाही. फक्त निमित्तं वाचायची: एका घरी बाळ झालं, एका घरी नोकरी लागली, एक जण ऑपरेशनमधून वाचलं. विरोध झाला, आणि तो सगळाच पोकळ नव्हता. एक आजोबा म्हणाले, "माझ्या एकवीस रुपयांचं नाव वर्षातून एकदा वाचतात, तेवढंच माझं नाव कोणी मोठ्याने घेतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आता त्यांच्या वाढदिवसाला पाळक त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करतात, रक्कम न सांगता. मी सभेत टिळकांचा दाखला दिला. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. पुढे दोनच वर्षं ते जगले. पगारी धर्म त्यांना सोसेना, एवढं मी बोलले, तर मागून एक जण म्हणाला, "ताई, पण पगार सोडल्यावर घर कोणी चालवलं ते पण लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात आहे." तोही मुद्दा खराच.

ठराव निसटत्या मतांनी पास झाला. पहिल्या तिमाहीत उपकारस्तुती धाडकन खाली आली. हॉलचं भाडं दोनदा उशिरा गेलं. नंतर थोडी सावरली, पण पूर्वीची रक्कम अजून भरून आलेली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा हकिगती सांगणारे शेवटी पैसे दुप्पट झाले असं सांगतात. दुप्पट काही झालं नाही. नाताळचा फ्लेक्स बंद केला, स्मरणिका बंद केली, हंगामाच्या सणाला भाजी आणतो ती लिलाव न करता शेजारच्या वस्तीतल्या बालवाडीला देतो. थैली मात्र पहिल्याइतकीच येते. घड्या घातलेल्या दहाच्या नोटा कमी झालेल्या नाहीत. भोपळ्याचे सात हजारही आले. पाकिटात, नाव न लिहिता, पण त्यांचं अक्षर मला ओळखू येतं.

गेल्या कमिटीत एका तरुण पंचाने क्यूआर कोडचा विषय आणला. पोरं रोख बाळगत नाहीत, थैली पुढून गेली की ओशाळतात; दारात कोड लावू या. पटण्यासारखं होतं. मग तो म्हणाला, सोबत साउंडबॉक्सही मिळतो, वाण्याकडे असतो तसा. पैसे जमा झाले की लगेच किती आले ते बोलतो, म्हणजे ताईंना तपासायला सोपं. क्षणभर सगळे गप्प. मग त्या निवृत्त सिस्टर म्हणाल्या, "दान करताना पुढे कर्णा वाजवू नका, असं मत्तयात लिहिलंय. आपण तो विकत घ्यायला निघालोय." पाळकसाहेबांना हसू आवरेना. कोड मंजूर झाला, डबा नाही. देणाऱ्याचं नाव यूपीआयवर मला दिसतंच, हिशेबतपासनिसांनाही दिसेल. सभेपुढे फक्त बेरीज जाईल.

कोडसाठी मी माझ्याच जुन्या शाखेत गेले. मी निवृत्त झाल्यावर आलेला मुलगा काउंटरवर होता. म्हणाला, "मॅडम, डबा पॅकेजमध्येच येतो, घेऊन ठेवा." मी विचारलं, आवाज बंद ठेवता येतो का? तो माझ्याकडे बघत राहिला. "येतो की," म्हणाला, "पण मग तो ठेवायचा कशाला?"